मागच्या दिव्याची काच घरी बदललीत? अनुभव सांगा

चोडण
रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोटीत चढताना मागच्या स्कूटरचं हँडल माझ्या गाडीच्या डाव्या टेललाइटला लागलं आणि लाल काचेचा टवका उडाला. (म्हणायची काच, असतं प्लास्टिकच.) म्हापशात नुसती काच मिळाली, अख्खा दिवा घ्यावा लागला नाही. रविवारी बसवली. सोमवारी पाऊस लागला आणि संध्याकाळी बघते तर आत बोटभर पाणी, बल्ब अर्धा बुडालेला. काच चांगलीच होती. जुनं रबर खाचेत चिकटून बसलेलं, ते तसंच ठेवून मी वरून स्क्रू पिळले होते. आपल्याकडे गोव्यात पाऊस आडवा मारतो, तिथे हे चालत नाही. ज्यांनी हे काम घरी केलंय त्यांनी लिहा, रबराचं काय केलंत तेही.

फोंडा
ताई, रबर नवंच घाला. आमच्या जुन्या व्हॅनची काच बाहेरून स्क्रूंनी धरलेली होती आणि चारातले दोन गंजून गच्च. जोर केला असता तर स्क्रूचं डोकं घासून गुळगुळीत झालं असतं. म्हणून रात्री प्रत्येकावर तेलाचे दोन थेंब सोडले. सकाळी पेचकस घट्ट दाबून धरला, आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवला आणि मग उलटा. कट्ट आवाज झाला आणि सुटला. मग खाच लाकडी काडीने खरवडून, साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण सुकवली. स्क्रू एकेक करून पुरता आवळू नका. समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, रबर सगळीकडे सारखं दबलं की थांबा. त्यापुढे अर्धा फेरा जास्त झाला तरी नवी काच स्क्रूच्या भोकापाशी तडकते.

डिचोली
माझ्या गाडीला नुसती काच निघत नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो. डिकी उघडल्यावर दहाच्या पान्याचे दोन बोल्ट दिसतात. ते काढूनही दिवा हलेना, कारण बाहेरच्या बाजूला प्लास्टिकच्या खुंट्या क्लिपांत अडकलेल्या असतात. बाजूला हिसका न देता सरळ मागे ओढायचा. मी पेचकसाने उचकटला आणि पत्र्याचा रंग गेला, त्याची अजून हळहळ वाटते. चवथीला माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळांचं) सामान ठासून भरताना दिव्याच्या वायरींचा आतला कपलरही सुटला होता, तेव्हा डिकीत नारळ भरताना तिकडे लक्ष असू द्या.

पर्वरी
सगळ्या कडेने सिलिकॉन फासू नका, मी ते केलंय. दिव्याला हवा खेळायला बारीक भोकं असतात. ती बुजली की आतली वाफ आतच राहते. पहाटे थोडं धुकं धरलं आणि दिवा लावल्यावर गेलं तर काळजी नको. पाणी साचलं तरच गळती समजा.

वास्को
काच उघडलीच आहे तर बल्बचा होल्डरही बघा. खाऱ्या हवेने पितळी पट्टीवर हिरवट थर चढतो. बॅटरीची वायर काढून तो पॉलिश पेपरने हलकेच घासा. ब्रेकचा बल्ब २१/५ वॅटचा, आत जळणाऱ्या दोन तारांचा. त्याच्या बुडाच्या बाजूच्या दोन खिळ्या वरखाली असतात, उलटा जबरदस्तीने घालू नका.

साखळी
नवी काच येईपर्यंत लाल पारदर्शक टेप लावा, पण त्यावर दिवस काढू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे. चोर्ला घाटात धुकं असतं तेव्हा मागच्याला तोच एक आधार असतो. फुटक्या काचेतून पांढरा उजेड मागच्याच्या डोळ्यांवर येतो.

चोडण
सगळ्यांचे मनापासून आभार. नवं रबर घातलं, स्क्रू फोंड्याच्या काकांनी सांगितले तसेच आवळले. बागेच्या नळीने दहा मिनिटं पाणी मारलं, आत थेंबही नाही. रात्री गाडी चिऱ्याच्या कुंपणाला पाठ करून उभी केली आणि ब्रेक दाबला. आधी डाव्या बाजूला लालात एक पांढरा पट्टा पडायचा. आता आरशात दोन्हीकडचे चिरे सारखेच लाल दिसतात.