लोकप्रतिनिधींची शिक्षा आणि दोषसिद्धीला मिळणारी स्थगिती

मूळ मुद्दा

राजकारण्यांना न्याय्य शिक्षा होते का, यावर वाद घालताना आपण किती वर्षांची कैद झाली एवढेच पाहतो. माझ्या मते भेदभाव होतो तो निकालानंतर, स्थगितीच्या टप्प्यावर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) नुसार दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झालेला आमदार वा खासदार अपात्र ठरतो आणि सुटकेनंतरही सहा वर्षे त्याला निवडणूक लढवता येत नाही. पूर्वी मुदतीत अपील केले की पद शाबूत राहत असे; ती सवलत सर्वोच्च न्यायालयाने लिली थॉमस खटल्यात १० जुलै २०१३ रोजी रद्द केली. तेव्हापासून पद वाचवायचे तर नुसत्या शिक्षेला नव्हे, दोषसिद्धीलाच, म्हणजे दोषी ठरवणाऱ्या निर्णयालाच, स्थगिती मिळवावी लागते.

राज्याचे तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचे प्रकरण पाहावे. मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातील सदनिका खोटी कागदपत्रे देऊन मिळवल्याच्या १९९५ च्या प्रकरणात नाशिकच्या दंडाधिकारी न्यायालयाने त्यांना २० फेब्रुवारी २०२५ रोजी दोन वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात सत्र न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली आणि तिच्या कारणांत पोटनिवडणुकीवर होणाऱ्या सरकारी खर्चाचाही विचार केला. हे कारण मला अजिबात पटत नाही, कारण ते निवडून आलेल्या माणसाखेरीज कोणालाच पुढे करता येणार नाही. तहसील कचेरीतला लिपिक दोषी ठरला, तर राज्यघटनेच्या कलम ३११ मधील परंतुकामुळे त्याला विभागीय चौकशीशिवाय बडतर्फ करता येते. आणि भ्रष्टाचारात दोषी ठरलेल्या लोकसेवकाच्या दोषसिद्धीला सहसा स्थगिती देऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयानेच के. सी. सरीन खटल्यात २००१ मध्ये सांगितले आहे. लिपिकाला लावलेली ही कसोटी मंत्र्याच्या बाबतीत सैल का व्हावी?

प्रतिसाद १

आपली तळमळ मान्य आहे, पण आपण नाण्याची एकच बाजू मांडली आहे. राहुल गांधी यांना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी बदनामीच्या खटल्यात दोन वर्षांची, म्हणजे त्या गुन्ह्यासाठी असलेली कमाल शिक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. शिक्षा एक दिवसाने जरी कमी असती, तरी ती गेली नसती. आणि कमाल शिक्षा का दिली याचे कारण निकालपत्रात नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०२३ रोजी स्थगिती देताना नेमकी दाखवून दिली. मधले चार महिने वायनाडच्या मतदारांना लोकसभेत प्रतिनिधीच नव्हता. लिपिक अपिलात सुटला तर मागील पगारासह त्याला कामावर घेता येते, पण पोटनिवडणुकीत दुसरा कोणी निवडून आल्यावर आमदार निर्दोष ठरला, तर त्याची जागा त्याला कोण परत देणार? हे नुकसान भरून निघणारे नाही, म्हणूनच न्यायालये स्थगितीचा विचार करतात. त्याला भेदभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

प्रतिसाद २

शिवाय स्थगिती मागताच मिळते असेही नाही. नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे घोटाळ्यात सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती नाकारली, त्यामुळे २०२४ ची विधानसभा निवडणूक त्यांना लढवता आली नाही. सत्र न्यायालयाने कोकाटे यांचे अपीलही डिसेंबर २०२५ मध्ये फेटाळले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. व्यवस्था अगदीच हतबल आहे, हे चित्र मला मान्य नाही.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

वायनाडबाबत मी आपल्याशी सहमत आहे, कारण तिथे शिक्षेच्या मोजमापातच उघड त्रुटी होती. पण त्रुटी दाखवून मिळालेली स्थगिती आणि पदाकडे पाहून मिळालेली स्थगिती यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. केदार यांचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे. रोख्यांचे ते व्यवहार २००१-०२ मधले होते. निकाल लागेपर्यंत दोन दशके उलटली, आणि तेवढ्या काळात ते आमदारही होते व राज्याचे मंत्रीही झाले. बँकेत ठेवी ठेवणारे शेतकरी मात्र पैशासाठी खेटे घालत राहिले. कोकाटे यांच्या अपिलाबद्दल म्हणाल, तर ते फेटाळल्यावर काही दिवसांतच सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अपात्रतेला स्थगिती दिली, म्हणजे आमदारकी टिकलीच.

उशिराची किंमत याहून स्पष्ट दिसते ती जयललिता यांच्या खटल्यात. १९९१ ते १९९६ या काळातील बेहिशेबी संपत्तीबद्दल त्यांना २०१४ मध्ये चार वर्षांची कैद आणि १०० कोटींचा दंड झाला, २०१५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. तोवर त्यांचे निधन झाले होते, आणि मधल्या काळात त्या पुन्हा मुख्यमंत्री होऊन गेल्या होत्या.

प्रतिसाद १

उशीर हा गंभीर दोष आहे, यावर दुमत नाही. पण तो सामान्य आरोपीच्याही वाट्याला येतो, आणि त्याच्यावर स्थगिती नाकारणे हा उपाय होत नाही. ज्या आदेशाने दोषसिद्धीला स्थगिती मिळेल, त्याच आदेशात अपिलाच्या अंतिम सुनावणीची तारीख असावी आणि अपीलकर्त्याने तहकुबी मागितली तर स्थगिती आपोआप उठावी. निर्दोष माणसाची जागा त्यामुळे सुरक्षित राहील आणि दोषीला वेळकाढूपणा करता येणार नाही.

मूळ मुद्दा मांडणाऱ्याचे उत्तर

ही अट मला मान्य आहे, फक्त तिला एक जोड हवी: स्थगितीच्या काळात मंत्रिपद नको. मतदारांनी आमदार निवडून दिलेला असतो, मंत्री नव्हे, त्यामुळे मतदारसंघ प्रतिनिधीविना राहील हा युक्तिवाद मंत्रिपदाला लागू होत नाही.