मदत हवी आहे : दोन आडनावांचे शोधनिबंध एका यादीत कसे आणायचे?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय. प्रश्न वहिनीचा आहे, ती स्वतः विचारणार नाही म्हणून मी.

तिची पीएचडी हाडांवर, म्हणजे हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींवर. नंतरचं काम उंदरांच्या हृदयाच्या स्नायूपेशींवर. (हाडावरून एकदम हृदयावर कशी, असं सगळे विचारतात. तर दोन्हीकडे कॅल्शियमचाच कारभार!) आता नोकरीच्या अर्जाला प्रकाशनांची यादी जोडायचीय आणि तिथेच घोळ आहे. पहिले ४ निबंध माहेरच्या आडनावाने, पुढचे ६ आमच्या. आणि आम्ही पडलो पाटील! पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची) 'पाटील एस' टाकलं की दंतवैद्यापासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळी भावकी हजर. गूगल स्कॉलरने तर कुणाचा तरी दातांच्या सिमेंटवरचा निबंध तिच्या खात्यात टाकलाय. त्याने एच-इंडेक्स (निबंध आणि त्यांचे इतरांनी केलेले उल्लेख यांवरून निघणारा आकडा) एकाने वाढलाय, पण तो आमचा नाही. मुलाखतीत कुणी विचारलं तर काय सांगणार?

काल ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची नाव बदललं तरी कायम राहणारी ओळख) १६ अंकी क्रमांक काढला, 'इतर नावे' मध्ये माहेरचं नावही घातलं. डीओआय (प्रत्येक निबंधाचा स्वतःचा ओळख क्रमांक) टाकून जुने निबंध एकेक जोडतोय. पण पबमेडवर जुनं नाव तसंच राहणार ना? मग छापील यादीत जुनं आडनाव ठेवून तिचं नाव फक्त ठळक करायचं, की लग्नाचं प्रमाणपत्रही जोडायचं? आणि आरोग्य विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्यांना अशी मदत मिळते का? कुणी गेलंय का तिथे?

अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचाय.