‘गोवा १९६१’चं पदक: पराक्रमाचं की हजेरीचं?

मालवणची_नात: आजोबांच्या पदकावरून घरात वाद पेटलाय. जनरल सर्व्हिस मेडल, एका बाजूला म्यानातली भवानी तलवार, दुसरीकडे कमळ, फितीवर ‘गोवा १९६१’ची पट्टी. धाकटे काका म्हणतात, हे काही शौर्यपदक नव्हे, गोवामुक्तीच्या मोहिमेतल्या सगळ्यांना मिळालं. चांगला भाव येतोय तर संग्राहकाला देऊन टाकू. मला हे अजिबात मान्य नाही. आजोबा ‘त्रिशूल’वर होते. १८ डिसेंबरला याच जहाजावरून नौसैनिकांची तुकडी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरली आणि त्या बेटापायी ७ नौसैनिक गेले.

रोखठोक: काकांचं चुकलं कुठे? मोहीम जेमतेम दीड दिवसाची. गोव्यात पोर्तुगिजांचं मोठं लढाऊ जहाज एकच, ‘अफोन्सो द अल्बुकर्क’. त्याच्यावर आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौका चालून गेल्या. १९ तारखेला गव्हर्नर शरण आला. शौर्यपदकासाठी त्या माणसाने नेमकं काय केलं ते लिहून शिफारस करावी लागते. इथे यादीत नाव असलं की झालं.

दर्यावर्दी: दीड दिवसाची म्हणून सोपी? अंजदीववर आधी पांढरं निशाण दिसलं आणि मग मशीनगन सुरू झाल्या, असं आपल्या बाजूचे वृत्तांत सांगतात. उघड्या होडीतून किनाऱ्याला लागणाऱ्या पोरांना आडोसा कसला? जहाजांनी तोफा डागल्या, तरी बेट पूर्ण हाती यायला दुसरा दिवस उजाडला.

रोखठोक: माझा आक्षेप नेमका इथेच आहे. त्या गोळ्या अंगावर घेणाऱ्याच्या आणि ताफ्यात मागे राहिलेल्याच्या फितीवर पट्टी एकच. हा फरक पुसला जातो, आणि तो जिवावर उदार झालेल्यांवर अन्याय आहे.

दर्यावर्दी: जमिनीवरच्या लढाईत पिछाडी असते, जहाजावर नसते. जहाज चालून गेलं की आचाऱ्यापासून कप्तानापर्यंत सगळेच माऱ्याच्या टप्प्यात येतात. बॉयलर रूममधल्याला तर बाहेर काय चाललंय तेही दिसत नाही, फक्त हादरे कळतात. ९ डिसेंबर १९७१ ला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, दीवजवळ आपली युद्धनौका ‘खुकरी’ बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीच्या टॉर्पेडोने कुणाचा हुद्दा विचारला नाही. मोहिमेचं पदक सगळ्यांना सारखं मिळतं ते यासाठीच, आणि नौदलात तेच रास्त आहे.

रोखठोक: जहाजापुरतं मान्य. पण किनाऱ्यावर उतरलेल्या तुकडीची गोष्ट वेगळी, यावर मी ठाम आहे. विकूच नका हवं तर, पण पदक चौकटीत लावलंत तर त्याखाली ‘शौर्यपदक’ असं लिहू नका.

मालवणची_नात: ते लिहिणारच नाही. आजोबांचं नाव, ‘त्रिशूल’, अंजदीव आणि १८ डिसेंबर १९६१, एवढंच लिहीन. तुकडीत उतरले होते की जहाजावरच होते, हे सर्व्हिस रेकॉर्डवरून कळतंय का ते आधी बघते. काकांना तोवर थांबायला सांगितलंय.