जिन म्हणजे भूत नव्हे

इस्लाममध्ये सांगितलेला जिन म्हणजे मेलेल्या माणसाचा भटकता आत्मा, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आपली भुताची कल्पना आपण त्यावर चिकटवतो, तिथेच गोंधळ होतो. कुराणानुसार माणूस मातीचा, तर जिन धूरविरहित ज्वाळेपासून घडवलेला. ती स्वतंत्र निर्मिती आहे. कुराणातली ७२वी सूरा (अध्याय) त्यांच्याच नावाची, २८ आयतींची (वचनांची). त्यात जिनांचा एक गट कुराण ऐकून श्रद्धा ठेवतो आणि सांगतो, आमच्यात सज्जन आहेत, तसे नसलेलेही आहेत. म्हणजे सरसकट दुष्ट नाहीतच.

‘जिनांना सगळं भविष्य कळतं’ हेही खरं नाही. ३४व्या सूरेतला सुलैमानांचा प्रसंग बघा. हे पैगंबर आणि राजा; जिन त्यांच्या हुकमाखाली कामं करायचे. काठीला टेकलेल्या अवस्थेतच त्यांचा प्राण गेला; जिन मात्र ते जिवंत आहेत असं समजून राबत राहिले. शेवटी किड्याने काठी पोखरली, देह कोसळला, तेव्हा कुठे त्यांना कळलं! अदृश्याचं ज्ञान असतं तर ते त्या कष्टात अडकून राहिले नसते, असं तिथे स्पष्टच म्हटलंय. म्हणून जिनांच्या नावावर भविष्य सांगून पैसे उकळणाऱ्यांचा मला फार राग येतो. घाबरलेली माणसं त्यांच्या दारात लुटली जातात.