लहान पोरांचा लॉकडाऊन : खान्देशातल्या घरांमधून

धागाकर्ती, जळगाव
परवा एका साखरपुड्यात विषय निघाला. एक मामा म्हणाले, "पोरं लहान होती, त्यांना काय कळतंय? मजाच झाली त्यांची." माझ्या घरात तेव्हा दोन होती, आणि मजा काही मला दिसली नाही. म्हणून हा धागा. २२ मार्च २०२० च्या थाळ्यांपासून पुढचं लिहा. अंगणवाड्या-बालवाड्या त्याच सुमारास बंद झाल्या आणि खेड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग भरवायला सरकारनं परवानगी दिली ती थेट १ डिसेंबर २०२१ पासून. सात वर्षांच्या आतल्या पोरांचंच लिहा, मोठ्यांच्या ऑनलाइन तासांवर रडून झालंय. मोबाईलला शिव्या द्यायच्या तर एका वाक्यात द्या. पोर काय बोललं यापेक्षा काय करायला लागलं, ते सांगा.

भुसावळ, रेल्वे कॉलनी
आमची तेव्हा चार वर्षांची. भुसावळचं पोर गाड्यांच्या आवाजातच झोपायला शिकतं. प्रवासी गाड्या थांबल्या, मालगाड्या तेवढ्या चालू. दुपारी ही ओट्यावर कान देऊन बसायची. मिस्टरांची ड्यूटी सुरूच होती. ते आले की मागच्या अंगणात आंघोळ, कपडे गरम पाण्यात, तोवर "बाबांना हात लावायचा नाही." आधी ती रडायची. मग रडणं थांबलं, आम्हाला वाटलं शहाणी झाली. एकदा बघते तर बाहुली बादलीजवळ उभी केलेली आणि ही लांबून दटावतेय, "जवळ येऊ नको, मरशील." हा शब्द आम्ही तिच्यासमोर कधी काढला नव्हता. बातम्या मात्र जेवताना चालू असायच्या. त्या दिवसापासून ताटावर बसलं की टीव्ही बंद. बाबा आले की दाराआड उभं राहायची सवय मात्र गाड्या पूर्ववत झाल्या तरी गेली नव्हती.

शिरपूर, आग्रा रोडलगत
आमच्या गच्चीवरून हायवे दिसतो. मे २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या दिशेनं माणसं चाललेली, पायी, सायकलवर, ट्रकच्या टपावर. डोक्यावर बोजा, कडेवर लेकरू. भावकीनं मिळून आम्ही खिचडी, पाणी, जुन्या चपला असं जमेल ते चालवलं. मुलगा पाच वर्षांचा, वरून बघायचा. "हे घरी का नाही जात?" घरीच चाललेत म्हटलं. "मग त्यांचं घर कुठंय?" आता त्याला उत्तर प्रदेश कसा सांगायचा?

तर हा चपला घालून झोपायला लागला. काढल्या की रडारड. उशाशी बालवाडीची पिशवी, तिच्यात बिस्किटाचा पुडा, टॉवेल आणि आजीच्या चष्म्याचा रिकामा डबा. आपल्यालाही एक दिवस निघायचंय, अशी त्याची खात्रीच झालेली. समजावून काही उपयोग झाला नाही. शेवटी सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. रोज झोपायच्या आधी त्याचं बोट धरून घरभर फेरी. ही दादर ज्वारीची कोठी, भरलेली आहे बघ. हे गहू. ही चूल. ही दाराची कडी, लाव तूच. कडी त्यानंच लावायची, हा नियम. हळूहळू चपला खाटेखाली गेल्या. पिशवी पावसाळाभर उशाशी होती, आम्ही ती हलवली नाही.

यावल तालुका
तुम्हा सगळ्यांचं वाचून वाटतं आमची पोरं वेगळ्याच मुलखात होती. चुलत भावांची मिळून सगळी एका खळ्यात, दिवसभर केळीच्या बागेत नाहीतर हौदात. मोबाईल एकच, तोही माझ्या खिशात. शाळा नाही म्हणून उड्या. वाईट एवढंच की केळीला व्यापारी मिळेना, घड झाडावरच पिकले. माझ्या चपलेचा आवाज आला की धाकटी आतल्या खोलीत पळायची, असं बायको आत्ता हे लिहिताना सांगतेय. मला हे नवीनच आहे.

धागाकर्ती
यावलवाले दादा, वहिनींनाच लिहायला बसवा की.

जळगाव, फ्लॅटमधून
एप्रिल २०२१, दुसरी लाट. मी पॉझिटिव्ह, घरातच वेगळ्या खोलीत. मुलगा साडेतीनचा. दाराखालच्या फटीतून तो पत्ते सरकवायचा, मी परत सरकवायचे. राजा आला की पलीकडून हसू. वाटलं, छान निभावतोय. बाहेर आले त्या दिवशी हात पसरले तर हा आजीच्या पदराआड. ओढून जवळ घेतलं तर दंडाला कडकडून चावला. दिवसा आई नको, रात्री मात्र माझा गाऊन मुठीत घट्ट. अंथरूण ओलं करणं कधीच सुटलं होतं, ते परत सुरू झालं.

आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात मनात भीती बसली की पोरं शिकलेल्या गोष्टीतून मागे जातात. अंथरूण, अंगठा, बोबडं बोलणं. रागवायचं नाही, चारचौघांत चिडवायचं नाही, जेवण-झोप रोज त्याच वेळेला. आणि चावणं? "तू दिसेनाशी झालीस याचा राग तुझ्यावरच निघणार, शेजारणीवर कसा निघेल?" मला हे ऐकून बरं वाटलं. सासरी कोणाला पटलं नाही, त्यांच्या मते आजीनं लाडावून ठेवलेला. अंथरूण पावसाळ्यात कोरडं झालं. मी बाथरूममध्ये गेले की दार वाजवणं मात्र पहिलीत जाईपर्यंत.

धडगाव भाग, अंगणवाडी सेविका
आम्हाला बंद कुठं होतं? मुलांना बोलवायचं नाही, म्हणून कोरडा शिधा पाड्यापाड्यावर घरपोच. गुजरातेत कामाला गेलेली कुटुंबं परत आलेली, त्यांची तपासणी. कपाळासमोर धरायच्या त्या तापमापकाला पोरं बंदूकच म्हणायची. एरवी माझ्या पदराला लोंबकळणारी पोरं मास्क बघून कणगीमागं लपायची. मग मी लांबूनच अंगणवाडीतलं गाणं म्हणत यायचे, आवाजावरून तरी ओळखतील.

पुढं त्यांनी त्याचा खेळ केला. एकानं मक्याचं कणीस कपाळाला लावायचं, दुसऱ्यानं मरून पडायचं, बाकीच्यांनी ओढत न्यायचं. बाया ओरडायच्या, अपशकुन म्हणून. मी म्हणायचे खेळू द्या, पोटात ठेवण्यापेक्षा बरं. आणि शहरातल्या तायांनो, गरम जेवण बंद होतं हे विसरू नका. किरकिर करणारं प्रत्येक पोर घाबरलेलंच असतं असं नाही, उपाशीही असतं.

धुळे, आजोबा
२०२० ची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २६ एप्रिलला होती. लेक सुरतेला, येण्याचा प्रश्नच नव्हता. निंबाला झोका मी बांधलाच. व्हिडिओ कॉलवर नात झोका बघून गप्प. मग म्हणे, "त्यावर कोन बठी?" मीच बसलो. सौ. शेजारी उभ्या, "दोर तुटला तर करोनाच्या आधी जाल." नात खदखदून हसली. पुढं रोज संध्याकाळी फोन यायचा, "आबा, बठा ना." गुडघे दुखले, पण बसलो.

चोपडा तालुका, जि. प. शिक्षिका
पहिली न बघितलेली दुसरी डिसेंबर २०२१ मध्ये समोर येऊन बसली. टीव्हीवर सह्याद्री वाहिनीला 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची, पण लाइट असेल तर आणि घरी कोणी समोर बसवलं तर. अक्षरं मागे पडणार हे धरूनच चालले होते. पण मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी पोरं जागची उठेनात. मैदानात काढलं तर भिंतीला टेकून उभी. खेळात हरलं की मारामारी, नाहीतर दप्तर तिथंच टाकून घर. घरी दोन वर्षं त्यांना कोणी हरवलंच नव्हतं, मोठी माणसं मुद्दाम हरायची. मी सुरुवातीला पुस्तक बाजूला ठेवलं. लंगडी, लगोरी, आंधळी कोशिंबीर. वरून विचारणा झाली, अभ्यासक्रम कुठवर आलाय? म्हटलं, लंगडीपर्यंत.

एप्रिल २०२२ मध्ये मास्कची सक्ती उठली, तरी काही मुली काढेनात. मला वाटलं आजाराची भीती. एकीनं कानात सांगितलं, पुढचे दात पडलेत.

अमळनेर
माझ्या मुलाचा जन्मच मे २०२० चा. बघायला कोणी आलं नाही, बारसं फोनवर. दोन वर्षांचा झाला तरी चारच शब्द. मोबाईलचं एक वाक्य: हो, जेवताना लावायचो. कान तपासले, ठीक निघाले. स्पीच थेरपिस्टनं रोज समोरासमोर बसून बोलायला सांगितलं. सासूबाई अहिराणीत बोलायच्या, मी मराठीत, कोणी म्हणालं एकच भाषा ठेवा, आम्ही ऐकलं नाही. आता अखंड बडबड चालू असते. पण लग्न, जत्रा, चार माणसं जमली की दोन्ही कान दाबून टेबलाखाली. हे त्या दोन वर्षांचं म्हणायचं की त्याचा स्वभावच असा? २०२० मध्ये जन्मलेलं असं पोर अजून कोणाकडे आहे का?

धागाकर्ती
माझ्या बहिणीचं आहे, पाचोऱ्याला. जूनचं. तिला लिहायला सांगते.