ॲरे म्हणजे रांग की खण? आणि अलाइनला काय म्हणायचं?

खामलेकर: आठवी-नववीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी उन्हाळी वर्गाची टिपणं लिहून राहिले आहे. प्रोग्रामिंगची भाषा स्मॉल बेसिक, मायक्रोसॉफ्टने २००८ साली नवशिक्यांसाठी काढलेली. मी लिहिलं होतं, "पाच फळांची रांग करा आणि त्यांची बटणं एका रांगेत लावा." काल एका मुलाने एकच लांबलचक बटण करून त्यावर "संत्रा मोसंबी सीताफळ पेरू बोर" लिहून दाखवलं. म्हणतो, रांगच सांगितली ना मॅडम तुम्ही! चूक माझीच. पहिली रांग म्हणजे ॲरे, एकाच नावाखाली ठेवलेल्या अनेक नोंदी. दुसरी म्हणजे अलाइन, पडद्यावरची बटणं एका रेषेत लावणं. दोन वेगळे शब्द सुचवा. शनिवारी झेरॉक्सला द्यायचंय.

अनुस्वार: ॲरे = सरणी. संस्कृतात सरणि म्हणजे वाट, सलग ओळ. आपल्या विचारसरणीत तीच आहे. अलाइन = संरेखन. फोनच्या मराठीतही हाच शब्द दिसतो. मिटलं.

वऱ्हाडी ठेचा: काहीच नाही मिटलं जी. सरणी म्हटलं तं पोरगं सरणावरच पोचते. अन् फोनची मराठी वाचते कोन? माह्या भाच्यानं सेटिंग मराठीत केली, ते परत इंग्रजीत कराले मलेच बोलावलं.

अनुस्वार: सरण वेगळं, सरणी वेगळी. एका वेलांटीसाठी शब्द टाकून द्यायचा का?

दुपारची पाळी: शिकवताना वेलांटी-काना महागात पडतो हो. गणिताच्या पुस्तकात तक्त्याला 'सारणी' म्हणतात. फळ्यावर एक काना राहिला की ॲरेचा तक्ता. आणि 'रांग' तर मुळीच नको, ती क्यूसाठी राखून ठेवा. रांगेत जो आधी उभा तो आधी सुटतो. ॲरेत तसं नाही, हवा तो खण हवा तेव्हा उघडा. स्मॉल बेसिकमध्ये तर कंसात आकडाच पाहिजे असंही नाही, भाव["संत्रा"] = ६० चालतं. आधी किती जागा लागेल तेही सांगावं लागत नाही. ही रांग नव्हे, चिठ्ठ्या लावलेलं फडताळ आहे. म्हणून 'खण' घ्या, आणि अख्ख्या ॲरेला 'खणावळ'.

वऱ्हाडी ठेचा: खणावळ! पोरं सावजी मटन मागतीन.

दुपारची पाळी: 😄 मग खणमाळ?

जुना कंपोझिटर: खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत पेटीला खानेच असत, प्रत्येक अक्षराचा खाना ठरलेला. दिवे गेले तरी हात बरोबर 'क'वर पडायचा. त्या पेटीला कुणी संस्कृत नाव दिलं नाही, केसच म्हणत. ताई, ॲरेला ॲरेच म्हणा. बटणाला बटण म्हणताच ना?

खामलेकर: ॲरेचं पटतंय. अलाइनचं बोला कुणीतरी.

वऱ्हाडी ठेचा: वडील गवंडी होते, तवा आयका. उभी भिंत पाहाची तं ओळंबा सोडाचा. आडवी पातळी पाहाची तं पाइपात पानी. कोपऱ्याले गुण्या. विटीचा थर दोरीत. अलाइन असा एक शब्दच नव्हता, काहून का काम एक नव्हतं.

खामलेकर: हे फार कामाचं! बटण ठेवताना तीनच गोष्टी द्याव्या लागतात: मजकूर, डावीकडून अंतर, वरून अंतर. डावीकडून सगळ्यांना २०, वरून २०, ६०, १०० असं वाढवत नेलं की बटणं ओळंब्यात. उलट केलं की दोरीत. (वरचं अंतर वाढलं की बटण खाली जातं, शाळेतल्या आलेखाच्या उलट, हे वेगळं सांगावंच लागतं.) पण अडलं कुठे ते ऐका. बटण आपल्या मजकुराएवढंच रुंद होतं. डावी कड ओळंब्यात, उजवीकडे मात्र सीताफळ बाहेर आणि बोर आत. शेवटी सेटसाइज या आज्ञेने सगळ्यांना १२० बाय ३० दिलं. या 'सारखं करण्या'ला काय म्हणू?

अनुस्वार: ओळंबा शब्द ओळीवरून आलाय असं मुलांना सांगू नका. तो अवलंबातला, लोंबणारा. ओळ आली आवलीपासून, दीपावलीतली तीच.

दुपारची पाळी: समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरच्या बातम्यांत अलाइनमेंटला 'आखणी' म्हणत. संरेखनाशिवाय रस्ता झाला की!

अनुस्वार: आखणी ही कामाआधीची. बटण ठेवून झाल्यावर सरकवणं म्हणजे आखणी नव्हे.

जुना कंपोझिटर: आमच्याकडे ओळ दोन्ही कडांना भिडवायला शब्दांत स्पेस घालत. स्टिक (खिळे जुळवायचा हातातला साचा) हलवली आणि खिळा हलला नाही तर ओळ बसली. 'बसवणे' घ्या.

वऱ्हाडी ठेचा: 'एका सुतात' घ्या ना ताई. दारं-खिडक्या एका सुतात आहेत म्हंतो आपन.

अनुस्वार: सूत हे माप आहे, इंचाचा सोळावा भाग.

वऱ्हाडी ठेचा: सोळावा? कोन सांगितलं? आठवा. आठ सुतांचा इंच.

खामलेकर: अहो, उद्या शनिवार आहे.

जुना कंपोझिटर: आठवाच. सोळावा म्हणजे अर्धं सूत.