'मन राखणे', 'अंतःकरण राखणे' आणि बडोद्याचे 'साचवणे'

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्यांपासून बडोद्याची मराठी बोलली जाते आणि माझे शिक्षण गुजरातीत झाले आहे. उपासनेत वाचण्याच्या मननासाठी मी बायबलमधील नीतिसूत्रे ४:२३ या वचनावर लिहीत होते व मथळा दिला होता, 'आपले मन राखा'. पुण्याहून आलेल्या मावशींनी तो वाचून विचारले, "कोणाचे मन राखायचे, पाहुण्यांचे?" मग मी 'आपले अंतःकरण साचवा' असे केले, तर त्या आणखीच हसल्या. योग्य शब्द कोणता?

उत्तर : मावशींची पहिली हरकत रास्त आहे. मराठीत कोणाचे मन राखणे म्हणजे त्याला वाईट वाटू नये म्हणून त्याच्या कलाने घेणे. यजमानीणबाईंचे मन राखण्यासाठी पोट भरलेले असतानाही आपण आणखी एक पुरणपोळी घेतो. त्यामुळे 'आपले मन राखा' याचा अर्थ वाचकाला 'स्वतःच्या मनासारखे करा' असा लागेल, आणि तो वचनाच्या नेमका उलट आहे. 'मन जपा' हाही पर्याय मला पटत नाही, कारण हल्ली त्यातून मनाला इजा होऊ न देणे एवढेच सुचते.

पवित्र शास्त्राच्या प्रचलित मराठी भाषांतरात हे वचन असे आहे : "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे." येथे 'मन' किंवा 'हृदय' न घेता 'अंतःकरण' घेतले, हे मला फार योग्य वाटते. मूळ इब्री (हिब्रू) 'लेव' हा शब्द केवळ भावनेचा नाही. विचार करणे, ठरवणे, स्मरणात ठेवणे ही सारी कामे तो करतो. आपल्याकडेही मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार मिळून अंतःकरण होते असे वेदान्ती मंडळी सांगत आली आहेत, म्हणून शब्दाची व्याप्ती बरीच जुळते. 'उगम' या शब्दाच्या जागी मात्र मुळात अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ 'बाहेर पडण्याच्या वाटा' असा होतो. म्हणजे राखणदार वेशीवर उभा आहे तो बाहेरून कोण येतो हे पाहण्यासाठीच नव्हे, तर आतून काय निघते यावरही त्याची नजर आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू वाईट विचार माणसाच्या आतून, अंतःकरणातून निघतात असे म्हणतो, ते याच्याशी धरून आहे.

आता क्रियापदाकडे येऊ. 'रक्षण कर' येथे इब्रीत 'नात्सर' धातू आहे, आणि 'रक्षणीय' ज्यावरून आले ते नाम 'शामर' या धातूचे आहे. स्तोत्र ११९:३४ मध्ये हेच दोन धातू एकापाठोपाठ येतात, पण तेथे राखायचे आहे ते देवाचे नियमशास्त्र, आणि तेही 'सगळ्या अंतःकरणाने'. याच नीतिसूत्रांच्या चौथ्या अध्यायात चौथ्या वचनात 'माझ्या आज्ञा पाळ म्हणजे जगशील' या अर्थाचे वाक्य आहे, आणि त्यातला 'पाळ' हाही 'शामर'च. अंतःकरण राखणे आणि आज्ञा पाळणे ही इब्री वाचकाला दोन वेगळी कामे वाटणार नाहीत. आज्ञा पाळली जाते तेथेच अंतःकरण राखले जाते. मराठीने 'राखणे' आणि 'पाळणे' असे दोन शब्द वापरल्यामुळे हा सांधा आपल्याला दिसत नाही, जरी 'शब्द राखणे' आणि 'शब्द पाळणे' आपण एकाच अर्थाने म्हणतो.

दुसऱ्या एका बाबतीत मात्र आपली भाषा इब्रीच्या अगदी जवळ आहे. 'मुलगा ऐकत नाही' अशी तक्रार करणाऱ्या आईला मुलाच्या कानांविषयी शंका नसते. 'हे इस्राएला, श्रवण कर' (जुन्या करारातील 'अनुवाद' हे पुस्तक, ६:४) यातील 'शामा' असाच ऐकणे आणि मानणे या दोन्ही अर्थांचा आहे. नव्या करारातील आज्ञापालनाचा ग्रीक शब्दही ऐकण्यावरूनच बनलेला आहे. अनुवादातल्या त्या वचनाच्या पुढच्याच वचनात देवावर पूर्ण मनाने, पूर्ण जिवाने आणि पूर्ण शक्तीने प्रीती करण्यास सांगितले आहे. येथे 'पूर्ण मनाने' आणि 'मनापासून' यांत फरक करावा. मनापासून केलेले काम खरे असते, पण ते करणाऱ्याचे अर्धे मन दुसरीकडेही असू शकते. पूर्ण मनाला वाटेकरी नसतो. नव्या करारातील पत्रात याकोब ज्यांना 'द्विबुद्धीच्या लोकांनो' म्हणून हाक मारतो (४:८), त्यांना तो अंतःकरणे शुद्ध करायला सांगतो, हे येथे लक्षात घ्यावे.

राहिले तुमचे 'साचवणे'. गुजरातीत ते सांभाळणे, जपणे या अर्थाने चालते, म्हणून दांडिया बाजारातली मराठी आजीही नातवाला 'साचवून जा' म्हणते. पुण्यात साचते ते पाणी. छापील मराठीत मीही हा शब्द ठेवणार नाही. पण अंतःकरण रिकामे ठेवून राखता येत नाही, त्यात वचन साठवावे लागते, असे स्तोत्र ११९:११ सुचवते, आणि जपणे व साठवणे हे दोन्ही अर्थ एकत्र यायचे असतील तर मला तरी बडोद्याचाच शब्द आठवतो.

शंका : यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले १७:९ हे वचन हृदयाला सर्वांत कपटी म्हणतो. मग पहारेकरीच फितूर असेल, तर राखण कोणी करायची?

उत्तर : म्हणूनच फिलिप्पै येथील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पत्रात (४:७) कर्ता बदललेला आहे. तेथे देवाची शांती "तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी राखील" असे आहे, आणि मूळ ग्रीक क्रियापद सैन्याच्या पहाऱ्याचे आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत असल्याने तो पहारा तेथील लोकांच्या ओळखीचा असणार. नीतिसूत्रांतला आज्ञार्थ त्याने रद्द होत नाही, पण राखणदार एकटा उरत नाही. मथळ्यासाठी मी 'आपले अंतःकरण राखा' हेच सुचवीन. 'मन'ऐवजी 'अंतःकरण' आले की मावशींना पाहुणे आठवणार नाहीत.